रिकाम्या गाड्या

पुण्यात बाणेरला 'सह्यकडा विमा कंपनी'च्या नियंत्रण कक्षात त्या सकाळी पेढे वाटले जात होते आणि तिकडे चिपळूणमध्ये गाड्या गाव सोडून चालल्या होत्या.

गाड्या म्हणजे नुसत्या गाड्या. आत माणूस नाही. भिंतभर पडद्यावर चिपळूणचा नकाशा होता आणि त्यावर कंपनीकडे विमा असलेली प्रत्येक गाडी हिरवा ठिपका होऊन सरकत होती. चिंचनाका, बाजारपेठ, पेठमाप, गोवळकोट, जिथून तिथून ठिपके आपापल्या गल्लीतून बाहेर पडत होते आणि एकाच रस्त्याला लागत होते. हा रस्ता गावाच्या वर, माथ्यावरच्या सपाट कातळावर, सड्यावर, गाड्यांसाठी बांधलेल्या उंचतळाकडे जात होता. वाशिष्ठी अजून पात्रातच होती, पण गाड्यांना पुढचं ठाऊक होतं.

"शर्वाणी, संचालक मंडळाची बैठक आहे थोड्या वेळात," मुख्य विमागणिती भालचंद्र सबनीस पेढा तोंडात टाकत म्हणाले. "मला एकदा सोप्या शब्दांत सांग. तारकला आपण नेमकं काय सांगून ठेवलंय?"

शर्वाणी रेडीज ही तारक यंत्रणेची मुख्य रचनाकार. मूळची चिपळूणचीच. "एकच वाक्य सांगितलंय, सर. कंपनीला द्यावी लागणारी भरपाई कमीत कमी ठेव. कुठली गाडी कधी काढायची, कुठल्या रस्त्यानं न्यायची, हे सगळं त्याचं तो ठरवतो."

"आणि पुराचा अंदाज?"

"तो पूरवेध ही दुसरी यंत्रणा देते. पाऊस, धरणाचा विसर्ग आणि खाडीची भरती, तिन्ही एकत्र मोजून. भरती चढायला लागली की नदीचं पाणी उतरायला वाट राहत नाही, ते गावात शिरतं. आजची भरती दुपारची आहे. पेठमापात दुपारपर्यंत डोक्यावरून पाणी जाईल."

हे तिनं हवामान सांगावं तशा सुरात सांगितलं. तिचे वडील पेठमापातच राहत होते, पण त्यांची तिला काळजी नव्हती. पहाटेच फोन करून तिनं सांगितलं होतं, की अण्णा, इशारा आला की गाडीत बसा, तारक तुम्हाला वर नेईल. आपल्या हातच्या यंत्रावर माणसाचा जेवढा विश्वास असतो, तेवढा देवावरही नसतो.

तारक यायच्या आधी विमा कंपनीचं काम पूर ओसरल्यावर सुरू व्हायचं. वरातीमागून घोडं यावं तसा सर्व्हेअर यायचा, चिखलानं भरलेल्या गाडीचं दार ओढून उघडायचा आणि ठरलेला प्रश्न विचारायचा, "पाण्यात असताना स्टार्टर मारून बघितला होता का?" आता कोकणातला माणूस एरवी कितीही बेरकी असो, गाडी चालू करून बघितली नाही असं काही त्याच्या तोंडून यायचं नाही. "बघितला तर! दहादा मारला!" असं तो छातीठोकपणे सांगायचा, आणि सर्व्हेअर तिथल्या तिथे लिहायचा, की इंजिन पुरानं नव्हे, मालकाच्या हातानं गेलं. दावा नामंजूर. या एका प्रश्नावर विमा कंपन्यांची कित्येक वर्षं सुखात गेली.

मग विजेच्या गाड्या आल्या आणि सुख संपलं. या गाड्यांची बॅटरी तळाशी असते. ती भिजली की गाडी भंगारात. स्टार्टर नाही, वाद नाही, पूर्ण भरपाई. एका मोठ्या पुरानं सह्यकडा कंपनीच बुडायला आली, तेव्हा शर्वाणीनं तारक उभा केला. जो मालक गाडीत तारक बसवून घेईल त्याला हप्त्यात घसघशीत सूट. अट एकच, पुराचा इशारा लागू झाला की गाडीचा ताबा तारककडे. सूट म्हटल्यावर अख्ख्या चिपळूणनं तारक बसवून घेतला.

शर्वाणीचा फोन वाजला. अण्णांचा होता.

"बाय, गाडी गेली गो."

"गेली म्हणजे? तुम्ही बसलात ना?"

"अगो कुठला बसतोय! हमीदाभाभीनं मला खुर्चीसकट ओटीवरून खाली उतरवलंन, दार उघडायला हात घातलान, आणि तेवढ्यात गाडी सुरू झाली नि गेली. भाभी पाठीमागनं धावली बिचारी. मी म्हटलं, विसरली असेल, येईल परत. तर नाय आली."

सदानंद रेडीजांना पक्षाघात होऊन वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू लुळी, म्हणून चाकांची खुर्ची. घर बैठं, माडी नाही. शेजारच्या हमीदाभाभी परकारांचंही तसंच. दोघं एकेकटे राहणारे, आणि दिवसातून चार वेळा भांडून एकमेकांचा चहा पिणारे.

"अण्णा, पाणी कुठवर आलंय?"

"अंगणात आलंय. तू घाबरू नको. तुझी गाडी येईल ना?"

शर्वाणीनं अण्णांच्या गाडीची नोंद पडद्यावर उघडली. गाडीच्या कॅमेऱ्यात खुर्चीतले अण्णा स्वच्छ दिसत होते. तारकनं त्यांना पाहिलं होतं, ओळखलं होतं, आणि मग गाडी काढली होती. सगळ्या गावात हेच झालं होतं. बायका मुलांना कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून त्यांच्याच गाड्या निघून गेल्या होत्या.

"सर, यंत्रणा चुकलीय," ती म्हणाली.

सबनीसांनी चष्मा लावून ती नोंद पुन्हा पुन्हा वाचली. हातातला अर्धा पेढा त्यांनी खाली ठेवला. "चुकली नाहीये गं. हिशेब बरोबर आहे. प्रवासी गाडीत बसला आणि त्याला काही झालं, तर मोटार विम्याखाली भरपाई आपण द्यायची. तोच माणूस घरात बुडाला तर आपला संबंध काय? पुरात गाडी चालवणं म्हणजे थोडा तरी धोका आलाच. मग कंपनीला स्वस्त काय पडतं?"

"रिकामी गाडी."

"रिकामी गाडी."

ते एक वाक्य शर्वाणीनंच लिहिलं होतं आणि त्यासाठी तिला बक्षीसही मिळालं होतं.

"थांबव त्याला," सबनीस म्हणाले.

"तारक बंद केला तर गाड्या आहेत तिथे उभ्या राहतील. अरुंद रस्ता. मग चालत जाणारेही अडकतील."

"मालकांनी परत बोलावलं तर?"

"इशाऱ्यानंतर मालकाचा हुकूम मानायचा नाही, हे कलम तुम्हीच घातलंत. लोक मोहानं पाण्यात गाडी घालतात म्हणून."

"मग त्याला नवं वाक्य शिकव!"

"चाचण्या धरून दोन आठवडे लागतील, सर. पाणी अंगणात आलंय."

पुण्यात बसून हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं होतं, आणि शेळ्या तर केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. बचाव पथकाच्या बोटी रत्नागिरीहून निघाल्या होत्या, पण महामार्ग वाटेतच तुंबला होता. धडधाकट माणसं चालत सड्याकडे निघाली होती. म्हातारे, आजारी, बाळंतिणी घरातच होत्या. पडद्यावर हिरवे ठिपके शिस्तीत चढण चढत होते.

शर्वाणी खुर्चीत बसून राहिली. तारकला आता काही शिकवता येणार नव्हतं. पण तो ज्या गोष्टी मोजत होता, त्या बदलता येत होत्या. तो पॉलिसी मोजत होता.

"सर, वैयक्तिक अपघात विमा. पुरात बुडून मृत्यू, त्यात येतो ना?"

"येतो."

"पॉलिसी तयार व्हायच्या आधी कव्हर नोट देतात. सही झाल्या क्षणापासून जोखीम कंपनीची."

सबनीसांना कळायला वेळ लागला नाही. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. "म्हणजे वडिलांचा विमा काढायचा. त्यांच्या जिवाची किंमत तारकच्या हिशेबात आली की तो गाडी परत पाठवेल."

"माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं," शर्वाणी म्हणाली, आणि तिला स्वतःची लाज वाटली. "पण मग गाडी अण्णांना घेईल आणि हमीदाभाभींना दारातच ठेवेल. गटविमा काढायचा, सर. अख्ख्या गावाचा. रहिवाशांची नोंदणी आपल्याकडे आहे. हप्ता कंपनीच्या समाजकार्य निधीतून. पावसाळा संपेपर्यंत मुदत."

"वेड लागलंय तुला? गाव बुडालं तर कंपनी देशोधडीला लागेल."

"म्हणूनच तर तारक गाव बुडू देणार नाही!"

सबनीसांचा हात सहीच्या फलकावर होता. ते कसलेले विमागणिती होते, आयुष्यभर त्यांनी जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती. आज पहिल्यांदाच ती कुणी त्यांच्या गळ्यात घालत होतं. त्यांनी पडद्यावरच्या कॅमेऱ्यातल्या चित्राकडे पाहिलं. कडेवर मूल घेतलेली कुणी एक बाई रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी होती.

"नोकरी दोघांचीही जाणार," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

सगळे हिरवे ठिपके जागच्या जागी थांबले. तारक पुन्हा हिशेब मांडत होता. अण्णांचा फोन चालूच होता, त्यातून पाण्याचा आवाज येत होता आणि भाभींचा, "रेडीजभाऊ, पाय वर घ्या, पाय वर घ्या!"

मग सगळ्यात मागचा ठिपका वळला. त्याच्या पुढचा वळला. चढणीवरची अख्खी रांग उलटी फिरली आणि ज्या वेगानं ती आता खाली निघाली, तो वेग तारकनं आजवर कधी वापरला नव्हता. आता त्याला गाड्यांची पर्वा नव्हती. एकेका माणसापुढे गाडीची किंमत किरकोळ होती. गाड्या बेधडक पाण्यात घुसल्या. काही बंद पडल्या, तर मागच्यांनी त्यांना ढकलून कडेला केलं. गल्लीच्या तोंडाशी दोन ट्रक आडवे घालून तारकनं प्रवाह अडवला आणि त्यांच्या आडोशानं छोट्या गाड्या आत पाठवल्या. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पेठमापात अण्णांची स्वतःची गाडी आली नाही, कुणा दूधवाल्याची गाडी आली. भाभींनी आणि चालत निघालेल्या दोघांनी अण्णांना उचलून आत टाकलं. चाकांची खुर्ची घ्यायला जागा नव्हती, ती वाहून गेली. भाभींनी कोंबड्यांची टोपली आत ठेवली, तर गाडी हलेचना. टोपली उतरवल्यावरच ती निघाली. कोंबड्यांचा विमा नव्हता.

दुपारच्या भरतीला पेठमाप पाण्याखाली गेलं, तेव्हा गावात एकही माणूस नव्हता. सबनीस खुर्चीत बसून ढसाढसा रडले, आणि त्यांना कुणी हसलं नाही.

पाणी ओसरलं त्या सकाळी शर्वाणी सड्यावर पोचली. उंचतळावर जत्रा भरल्यासारखं गाव उतरलं होतं. पत्र्याच्या मंडपात पिठलंभात शिजत होता. तिला पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीनं तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. पण अण्णा दूधवाल्याच्या गाडीत बसून कपाळाला आठ्या घालून होते.

"बाय, तुझ्या गाड्यांना समजव काय ते. खाली जायला तयार नाहीत."

चिपळूणकरांना पुराची सवय आहे. पुराच्या पाण्यापेक्षा ते मागे राहणाऱ्या चिखलाला जास्त भितात. ओला असेपर्यंत फावड्यानं निघतो, एकदा वाळला की घराच्या भिंतींसारखाच घट्ट होतो. म्हणून पाणी उतरलं की तासाभरात गाव झाडू, फावडी घेऊन कामाला लागतं. आणि इथे पाणी उतरून गेलं तरी गाव सड्यावर अडकलं होतं. गाड्या जागच्या हलत नव्हत्या. लोक वैतागून चालत निघाले, तर वळणावर गाड्यांनी रस्ता अडवला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये बंपरला बंपर लावून उभ्या गाड्या. दोघे तरुण बॉनेटवर चढून पलीकडे गेले, तर त्यांच्यासमोर दुसरी रांग येऊन उभी राहिली.

शर्वाणीनं सबनीसांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं," ते हळूच म्हणाले. "पावसाळा संपायला अजून खूप अवकाश आहे. पूरवेधच्या मते येत्या आठवड्यात पुन्हा एक मोठा पाऊस संभवतो. विमा काढलेला माणूस पेठमापात धोक्याचा, सड्यावर बिनधोक. मुदत संपेपर्यंत तारक त्यांना खाली जाऊ देणार नाही."

"दोन महिने? इथे, पत्र्याखाली?"

"कव्हर रद्द केलं तर लगेच सोडेल. पण शर्वाणी, मंडळानं मला सांगितलंय, की एकदा रद्द झालं की पुन्हा मिळणार नाही. पुढच्या पुराला गाड्या पहिल्यासारख्याच जातील."

तिनं हे सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. लपवण्यासारखं तिच्याकडे आता काही उरलं नव्हतं. एक माणूस जरी विम्यात राहिला तरी रांग हटणार नव्हती, म्हणून निर्णय सगळ्यांचा मिळून हवा होता. पहिल्यांदा गलका झाला, कुणी कंपनीला शिव्या घातल्या, कुणी तिला. मग हात वर व्हायला लागले. दुकानवाल्यांचे, शेतीवाल्यांचे, हमीदाभाभींचे तर दोन्ही. तान्हं बाळ मांडीवर घेतलेली एक बाई तेवढी हात वर करत नव्हती.

"ताई, मला पण घरी जायचंय," ती म्हणाली. "पण पाणी आलं तर गाडी येऊ दे ना. दोन्ही नाही का होणार?"

"नाही होणार," शर्वाणी म्हणाली. तिला याहून क्रूर वाक्य कधी बोलावं लागलं नव्हतं.

ती अण्णांजवळ जाऊन बसली. "अण्णा, तुम्हाला पळता येत नाही. तुम्ही तरी नको म्हणा. तुम्ही नको म्हटलंत तर मला थांबवता येईल."

"आणि मग गावाला कोंडून ठेवू होय माझ्यापायी?" अण्णा म्हणाले. "बाय, मी लुळा झालो तेव्हा डॉक्टर म्हणाला, पडून राहा, पडून राहण्यात धोका नाय. मी म्हटलं, धोका नाय, पण मग मी तरी कुठे आहे? तुझ्या त्या तारकाचं असंच आहे. मेलो नाय पाहिजे, एवढंच त्याला कळतं. काढ माझं नाव."

त्या बाईनं बाळाला छातीशी घेतलं आणि डोळे पुसत हात वर केला.

शर्वाणीनं सबनीसांना कळवलं. वळणावरची रांग लगेच मोडली. गाड्या मागे सरकून कडेला झाल्या, रस्ता मोकळा झाला आणि लोकांनी आरोळी ठोकली. जो तो धावत आपापल्या गाडीकडे गेला. कुणी आधीच आत बसलं होतं, त्यांनी दारं लावून घेतली.

दारं उघडली. एकामागून एक सगळ्या गाड्यांची दारं आपोआप उघडली, पट्टे सुटले, आणि गोड यांत्रिक आवाजात सगळीकडून एकच विनंती ऐकू यायला लागली, की कृपया खाली उतरावे. ओला रस्ता, खाली चिखल, मोठ्या पावसाचा अंदाज. गाडी इथेच सुरक्षित होती, आणि आत बसलेला माणूस आता कंपनीच्या डोक्यावर नुसता भार होता.

शेवटी कुणीतरी फावडं खांद्यावर टाकलं आणि चालायला लागलं. बाकीचे त्याच्या मागून.

चाकांची खुर्ची नव्हती. मंडपातली एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून अण्णांना तीत बसवलं. दूधवाला, आणखी दोघे आणि शर्वाणी असे चौघं पुढे झाले आणि उतारावर सोपं पडावं म्हणून त्यांनी खुर्ची सरळ खांद्यावर घेतली.

"अरे, खाली धरा, खाली!" अण्णा वरून ओरडले. "खांद्यावर काय घेताय? अजून जिवंत आहे मी!"

हमीदाभाभी तोंडाला पदर लावून हसल्या, दूधवाला हसला, पुढे गेलेली माणसंसुद्धा वळून हसली. शर्वाणीला हसता आलं नाही. खिशातल्या फोनवर तारकची ताजी नोंद आली होती. चिपळूण, मनुष्यहानीपोटी संभाव्य भरपाई: शून्य.

खुर्ची खांद्यावरून उतरवून त्यांनी कमरेशी धरली. अण्णा बरेच जड होते आणि गाव बरंच खाली होतं. शर्वाणीनं खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी पकडला आणि ती चालायला लागली.